दुसरा ठिपका

३ फेब्रुवारी, सोमवार

पेटीवाल्या बाईंनी आज मला एक वही दिली आणि बजावलं, "काका, यात जे दिसेल तेवढंच लिहायचं. काय वाटलं ते नाही." म्हणून घरी येताना ही दुसरी वही विकत घेतली. मला वाटल्याशिवाय राहत नाही आणि वाटलेलं कुठेतरी ठेवावं लागतं. बायकोपाशी ठेवायला गेलो तर ही म्हणते, "आधी जेवून घ्या."

मी मुलांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. पस्तीस वर्षं औषधाच्या खिडकीमागे बसलोय. खिडकीपलीकडच्या बायाबापड्या डॉक्टरांना घाबरतात आणि माझ्याशी बोलतात. गेले आठ महिने त्या एकच बोलतायत: "काका, बाटली संपली, पण पोराचा कान वाहायचा थांबला नाही." मोठ्या डॉक्टरांना शंका आली की अँटिबायोटिकमध्येच खोट आहे. त्यांनी औषधतपासणीच्या कचेरीला लिहिलं आणि तिथून या बाई आल्या, दोन मोठ्या पेट्या घेऊन. बाई दोन आठवडे शिकवणार, पेट्या पुढेही महिनाभर राहणार. शिकणारा कोण, तर मी. बाकी कुणाला वेळ नाही.

डॉक्टरांना शंका आहे, मला खात्री आहे. आठ महिन्यांपूर्वी आमचा जुना घाऊक व्यापारी धंदा आवरून गेला आणि नवा आला. त्याच्यासोबत कानाची ही नवी पावडरही आली. माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही, नजर कायम बुटांवर. मी त्याचं नाव घुम्या पाडलंय आणि दवाखान्यात ते चांगलं रुळलंय. न बोलणाऱ्याच्या पोटात काय असतं ते त्यालाच ठाऊक.

हे सगळं मी परक्यांच्या मुलांसाठी करतोय असं भासवतो, पण या वहीशी खोटं कशाला बोलू? लेकीची लेक, आमची ठमी, साडेपाच वर्षांची. तिचा डावा कान तीनदा वाहिला. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आता या औषधाने थांबला तर ठीक, नाहीतर कानामागचं हाड उघडावं लागेल, आणि मग ऐकू किती येईल ते सांगता येणार नाही.

दहा दिवसांचं औषध आज सुरू केलं. तिची बाटली मी माझ्या हाताने कालवली. पाणी खळखळ उकळलं, तसंच वाफाळतं पावडरीवर ओतलं, झाकण लावून हलवलं, एक गुठळी राहिली नाही. एकदा नळाच्या पाण्याने पाच पोरं जुलाबांनी आडवी झाली होती. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय, उकळत्या पाण्याशिवाय बाटली खिडकीबाहेर जात नाही. सगळ्या मुलांना असंच देतो. ठमीची बाटली मात्र जाड फडक्यात गुंडाळून आणली, कारण गार औषधाने तिला ठसका लागतो. आजोबाने एवढा पक्षपात केला तर चालतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज पहिला धडा झाला आणि पहिलं हसंही झालं.

पेटीत तळहाताएवढे पत्रे आहेत, त्यांच्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर. थराच्या तळाशी रेघ मारायची. रेघेवर केसासारख्या काचेच्या नळीने औषधाचा थेंब टेकवायचा. बरणीत अर्धं बोट द्रावक घालायचं, त्यात पत्रा उभा करायचा आणि झाकण लावायचं. द्रावक आपोआप थरातून वर चढतं, वातीत तेल चढतं तसं, आणि जाताना औषधाला बरोबर घेऊन जातं. पण प्रत्येक औषधाची चाल वेगळी. कुणी लवकर दमून बसतं, कुणी लांब जातं. जिथे जो बसला तिथे त्याचा ठिपका. या प्रकाराला थिन लेयर क्रोमॅटोग्राफी म्हणतात. ते म्हणताना माझी कवळी दोनदा सरकली.

रेघ पेन्सिलीने मारा असं बाईंनी सांगितलं होतं. मी सवयीने खिशातलं बॉलपेन काढलं. पत्रा बरणीत गेला आणि माझी निळी रेघच वर चढायला लागली. चढता चढता फुटली. खाली जांभळा पट्टा राहिला, मध्ये निळा, आणि सगळ्यात वर गुलाबी. बाईंना वाटलं मी ओशाळलो. ओशाळायला शुद्ध कुठे होती? मी थक्क झालो होतो. पस्तीस वर्षं या शाईने चिठ्ठ्या लिहिल्या आणि तिच्या पोटात गुलाबी रंग आहे हे मला माहीत नव्हतं. "काका, तोंड मिटा," बाई म्हणाल्या, "आणि पेन्सिल घ्या."

तो पत्रा मी टाकला नाही. घरी आणला. ठमीने विचारलं, "आजोबा, हे तुम्ही रंगवलं?" मी म्हटलं, "नाही गं, हे आधीच आत होतं."

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज दिवा दाखवला. खोली अंधारी केली, पत्र्यावर तो जांभळट दिवा धरला आणि अख्खा पत्रा हिरवा उजळला. जिथे औषध होतं तिथे काळा ठिपका. दिवा विझवला की काहीच नाही, कोरा पांढरा पत्रा. मी सहा वेळा दिवा लावला आणि विझवला. बाईंनी मला हवं तेवढं करू दिलं. त्यांनीही पहिल्या दिवशी हेच केलं असणार.

इतकी वर्षं मी औषध म्हणजे बाटली आणि चिठ्ठी समजत होतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

मोजायला शिकलो. वाटलं होतं काहीतरी काटा असेल, आकडा दाखवणारं यंत्र असेल. तसलं काही नाही. ज्या औषधाची खात्री आहे ते बाईंनी चार बाटल्यांत केलं: पूर्ण, पाचातले चार भाग, निम्मं, आणि पाचवा भाग. चारही एका रेघेत टेकवायचे आणि शेवटी आपलं संशयित. सगळे बरोबर चालतात, बरोबर थांबतात. मग संशयिताचा ठिपका कुणाएवढा मोठा आणि गडद आहे ते डोळ्याने जुळवायचं. लग्नाला मुलगा-मुलगी उंचीने जुळवतात तसंच.

कानाच्या त्या पावडरीत दोन औषधं असतात हेही आज नीट समजलं. जंतू आता शहाणे झालेत, पहिल्या औषधाचे तुकडे करायला शिकलेत. दुसरं औषध जंतूंना मारत नाही, नुसते त्यांचे हात धरून ठेवतं, म्हणजे पहिल्याला काम करता येतं. बाई त्याला 'राखणदार' म्हणतात. राखणदार स्वभावाने नाजूक. दिव्याखाली नीट दिसतही नाही. त्याच्यासाठी आयोडीनच्या खड्यांची बरणी आहे. पत्रा त्या बरणीत ठेवला की दोन मिनिटांत खाली मोठ्याचा, म्हणजे पहिल्या औषधाचा, आणि वर राखणदाराचा असे दोन तपकिरी ठिपके हळूहळू उमटतात. कुणीतरी आतून वर येतंय असं वाटतं. माझ्या अंगावर काटा आला.

पण बाहेर काढल्यावर ते उडून जातात. पाव तासात पत्रा पुन्हा कोरा. म्हणून दिसल्या दिसल्या प्रत्येक ठिपक्याभोवती पेन्सिलीने गोल काढायचा. "जे काढलं नाही ते घडलं नाही," बाई म्हणाल्या. कामाच्या वहीत मी हे वाक्य लिहिलं. ते दिसलं नव्हतं, ऐकलं होतं, पण लिहिलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ठमीच्या उशीवर आज सकाळी पुन्हा पिवळा डाग. लेकीने अभ्रा बदलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, औषध आणखी कुठून आणता येईल का?" तिचा नवरा बोटीवर, सहा महिने समुद्रात. विचारायला तिला मीच आहे.

मी म्हटलं, "आधी चोर पकडतो."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पकडला!

सकाळी कालवलेल्या बाटल्यांतली एक घेतली. थेंब टेकवला, पत्रा चढवला, आयोडीनमध्ये घातला. मोठा ठिपका आला, जरा फिकट. पाचातले चार भाग म्हणा. वर राखणदाराच्या जागी नुसता ढग. पाचव्या भागाच्या ठिपक्याएवढाही नाही. मी दुसरी बाटली लावली, तेच. तिसरी लावली, तेच.

बाईंनी विचारलं, "कालवलं कधी?"

"आज सकाळीच."

"पाणी?"

"उकळलेलंच. मी त्याशिवाय वापरत नाही."

बाईंनी मान हलवली आणि तसं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "कोरडी पावडरही लावून बघा हं, त्याशिवाय नमुना पुरा होत नाही." मी म्हटलं बघू. मुलं काय पावडर फाकतात? बाटलीत नाही म्हणजे नाही.

मोठ्या डॉक्टरांनी पत्रा हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. घुम्याचा माल थांबवला. कचेरीला तक्रार मी लिहिली, अक्षर काढून लिहिली. माझ्या हयातीत मी एवढं मोठं काही शोधलं नव्हतं. घरी येताना पाय जमिनीवर नव्हते, खरं सांगतो. तेवढ्यात आठवलं की ठमीही दहा दिवस तेच पाणचट औषध पितेय, आणि सगळा आनंद ओसरला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाई काल गेल्या. जाताना पुन्हा पावडरीचं बोलल्या. चांगली बाई आहे, पण एकदा डोक्यात शिरलं की निघत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कानाच्या डॉक्टरांनी हाड उघडायला आठ मार्च ही तारीख दिली. त्याआधी आणखी शेवटचे दहा दिवस, तेच औषध, पण खात्रीच्या ठिकाणचं. मी दोन बसा बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या दुकानातून बाटली आणली. घरीच पाणी उकळलं, जास्तच उकळलं, आणि ओतलं. फडक्यात गुंडाळलं. लेक शेजारी उभी होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात म्हणून बरं आहे."

मनाची खात्री म्हणून चमचाभर बाटलीतून काढून दवाखान्यात नेलं आणि लावलं. दुसरा ठिपका नाही!

म्हणजे तिकडचाही चोर. ते मोठं दुकान, त्याचं ते पॉलिश केलेलं काउंटर, आणि आत हे. मी डॉक्टरांना म्हटलं, सगळं शहरच घुम्याला सामील आहे. डॉक्टर म्हणाल्या, "काका, सगळं शहर?" मला त्यांचा सूर आवडला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

घुम्या आला. हातात सीलबंद बाटली, नजर बुटांवर. "माझ्यासमोर लावा," एवढंच बोलला.

मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला, बसा. तो बसला नाही. पाऊण तास भिंतीला टेकून उभा राहिला आणि द्रावक चढताना बघत राहिला. त्याने आणलेल्या बाटलीतली कोरडी पावडर लावली होती, पाणी न घालता नुसती पेटीतल्या द्रावकात विरघळवून, कारण तशीच लावा म्हणाला. आयोडीनमधून पत्रा काढला. दोन ठिपके. खाली मोठा, वर राखणदार, दोघेही पूर्ण, गडद, खणखणीत.

मला वाटलं, हुशार आहे, चांगली बाटली निवडून आणलीय. मी उठलो, आमच्या कपाटातून, त्याच्याच जुन्या मालातून, स्वतः एक काढली. ती लावली. पुन्हा पाऊण तास. पुन्हा दोन ठिपके.

घुम्या पुढे वाकला. इतक्या दिवसांत मी त्याचे डोळे पहिल्यांदा पाहिले. जिंकल्याचं त्यांत काही नव्हतं. लहान मूल बघतं तसा तो बघत होता. म्हणाला, "मी बारा वर्षं खोकी उचलतोय. आत असं असतं होय?" मग थोडं थांबून म्हणाला, "इथे आहे. मग तुमच्या बाटलीत गेल्यावर वरचा जातो कुठे?"

मी दोन्ही पत्रे शेजारी शेजारी ठेवून बघत राहिलो. तो गेला. मी गोल काढायला विसरलो आणि दोन्ही पत्रे कोरे झाले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल काही लिहिलं नाही. काल दिवसभर मी एक गोष्ट करायची टाळत होतो. आज केली.

आधी चष्मा लावून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं. पस्तीस वर्षं पावडरी कालवणाऱ्याला पाकीट काय शिकवणार, म्हणून आठ महिने वाचलं नव्हतं. "उकळून पूर्ण गार केलेलं पाणी." पूर्ण गार.

एकाच खोक्यातल्या तीन बाटल्या घेतल्या. एकीत उकळून गार केलेलं पाणी घातलं, एकीत कोमट, आणि एकीत माझं नेहमीचं, वाफाळतं. तासभर ठेवल्या, खिडकीवर ठेवतो तशाच. चौथा थेंब कोरड्या पावडरीचा. पत्रा बरणीत घातला आणि समोर बसलो. 

आयोडीनमध्ये आधी खालची रांग उगवली, मग वरची. पावडरीचा राखणदार पूर्ण. गार पाण्याचा तस्साच पूर्ण. कोमटचा फिकट. आणि माझ्या बाटलीच्या डोक्यावर काही नाही. पायऱ्या उतरत जाव्या तसे ठिपके आणि शेवटची पायरीच गायब. इतकं सरळ, इतकं स्वच्छ उत्तर मला आयुष्यात कुणी दिलं नाही. भीती वाटायच्या आधी मला ते सुंदर वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

मग भीती आली. राखणदार नाजूक, बाईंनी सांगितलं होतं. मी त्याला रोज उकळत होतो. आठ महिने. सगळ्या पोरांचा. आणि ठमीचा तर फडक्यात गुंडाळून, जास्त वेळ गरम राहावा म्हणून!

आता जे लिहितो ते कुणाला दाखवणार नाही. खोलीत मी एकटा होतो. बाई गेलेल्या, डॉक्टर वॉर्डात. पत्रा माझ्यासमोर उडत चालला होता. नुसतं बसून राहायचं होतं, हातही हलवायचा नव्हता. उद्यापासून गुपचूप गार पाणी वापरलं असतं तर पोरं बरी झाली असती, आणि लोक म्हणाले असते, घुम्याला काढला आणि गुण आला. हा विचार माझ्या मनात आला. आला आणि बराच वेळ बसला. कोमटचा ठिपका तेवढ्यात दिसेनासा झाला, इतका वेळ बसला.

मग मी पेन्सिल घेतली. जे उरले होते त्यांच्याभोवती गोल काढले. पत्रा पुन्हा आयोडीनमध्ये घालून कोमटचाही उमटवला आणि काढला. आणि सगळ्यात शेवटी, जिथे काहीच नव्हतं, तिथेही गोल काढला. त्याच्याखाली माझं नाव लिहिलं.

घरी फोन केला. हिला म्हटलं, ठमीची बाटली मोरीत ओत, मी नवी घेऊन येतो. ही म्हणाली, "का हो? तुम्हीच तर केलीत." मी म्हटलं, "म्हणूनच."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पाणी तुम्ही कसं घालता हे मी आठ महिन्यांत एकदाही विचारलं नाही. तेही लिहा." पुढच्या सगळ्या बाटल्या गार पाण्याने. ज्यांच्या पोरांचं औषध चालू आहे त्यांना परत बोलवायचं. तक्रारीचं पत्र मागे घेण्याचं दुसरं पत्र मी लिहिलं. या वेळी अक्षर काही खास आलं नाही.

ते घेऊन घुम्याच्या गोदामात स्वतः गेलो. त्याने वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. "चहा?" म्हणाला. आम्ही दोघांनी न बोलता चहा घेतला. न बोलणं इतकं अवघड नसतं असं कळलं.

लेकीला रात्रीच सांगितलं होतं.  नवी बाटली तिने माझ्या हातातून काढून घेतली, पाकीट दोनदा वाचलं, पाणी गार होईपर्यंत भांड्यापाशी उभी राहिली आणि स्वतः कालवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. आत या असं कुणी म्हणालं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस खिडकीवर एकेकीला सांगतोय. चूक माझी होती, बाटली बदलून घ्या, पोराला पुन्हा दाखवा. एकदोघींनी तोंडाला येईल ते ऐकवलं. मला ते गोड लागलं. पण आज एक बाई आली, कडेवर पोर, त्याच्या दोन्ही कानांत कापूस. मी बोलायच्या आधीच म्हणाली, "काका, दुसरा दवाखाना जवळ आहे मला. पण तिथे कुठलंही पाणी घालतात. तुम्ही उकळून देता म्हणून मी इतक्या लांब येते."

तिला सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिने ऐकलं, पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि विचारलं, "मग आता उकळायचं का नाही?" मी म्हटलं, "उकळायचं, पण थांबायचं." ती ते शब्द घोकत गेली. मी खिडकी लावून पाच मिनिटं आत बसून राहिलो.

१ मार्च, शनिवार

ठमीची उशी तीन दिवस कोरडी आहे. हे मी आधी लिहायला हवं होतं, पण लिहिलं तर दृष्ट लागेल असं वाटत होतं. शिकलेल्या माणसाने असं वाटून घेऊ नये. वाटलं.

दुपारी लेक दवाखान्यात आली. नऊ दिवसांत माझ्याशी कामापुरतं बोलली होती. म्हणाली, "दाखवा मला ते."

मी तिच्यासमोर पहिल्यापासून सगळं केलं. तिने नळी धरली, थेंब तिनेच टेकवले. पाऊण तास आम्ही दोघं बरणीसमोर बसलो, तिच्या दहावीच्या निकालाच्या सकाळी बसलो होतो तसे. आयोडीनमध्ये ठिपके वर यायला लागले आणि तिचं तोंड उघडं राहिलं. आमच्या घराण्यातच ते असावं. तिने पेन्सिलीने गोल काढले. मग माझा तो वीस तारखेचा पत्रा मागितला. ठिपके कधीच उडाले होते, नुसते गोल होते. शेवटच्या रिकाम्या गोलावर आणि त्याखालच्या नावावर तिने बोट ठेवलं.

"हे कुणी काढायला लावलं?"

"कुणी नाही. इथे कुणी नव्हतं."

तिने पत्रा हळूच खाली ठेवला. मग एकदम रडायलाच लागली. "तुम्ही घुम्यावर ढकललं असतं ना बाबा, तर मला रागावता तरी आलं असतं. आता मी कुणावर रागावू, सांगा ना!"

मी म्हटलं, "माझ्यावर. रागाव." तिने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून दुखतोय.

८ मार्च, शनिवार

आज हाड उघडायचं होतं. कानाच्या डॉक्टरांनी आत बघितलं, पुन्हा बघितलं, आणि तारीख खोडली. कान कोरडा आहे. ऐकू किती येतं ते पडदा भरून आल्यावर तपासू म्हणाले. हिने घरी आल्यावर मला पहिल्यांदा "आधी जेवा" म्हटलं नाही. जवळ बसली.

२० मार्च, गुरुवार

ऐकण्याची तपासणी झाली. काचेची एक बंद खोली असते. ठमीच्या डोक्यावर मोठाले कर्णे लावले, समोर लाकडी ठोकळे आणि एक डबा. आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा. तपासणारी मुलगी बाहेर बसून आवाज लहान लहान करत जाते आणि कागदावर फुल्या मारते. आम्ही काचेबाहेर. आवाज आम्हाला ऐकू येत नाही, फक्त ठमी दिसते.

उजवा कान झाला. ठोकळे टपाटप पडले, शेवटच्या अगदी बारीक आवाजाला तर ती हसली. मग डावा. पहिले ठोकळे पडले. पुढचा जरा थांबून पडला. त्यानंतर तपासणारीने बटण दाबलं, आणि ठमी हातात ठोकळा धरून नुसती बसून राहिली. शहाण्यासारखी, वाट बघत. पुन्हा दाबलं. ती आमच्याकडे बघून मान हलवून म्हणाली असावी, कधी सुरू करणार? आवाज होऊन गेला होता.

डावा कान थोडा कमी आहे. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांत भरून येईल, किंवा एवढं राहीलही. मोठ्या माणसाला कळणारही नाही इतकं. लेकीने माझ्याकडे पाहिलं, पण ते पाहणं वाईट नव्हतं.

घरी येताना मी नेहमीसारखा ठमीच्या डाव्या बाजूने चाललो होतो, वाहनांच्या बाजूने, आणि तिला ठोकळ्यांबद्दल काहीबाही सांगत होतो. तिने हात सोडवला, माझ्यामागून वळसा घालून पलीकडे आली आणि माझा दुसरा हात धरला.

"आजोबा, इकडून बोला ना," ती म्हणाली. "इकडून तुम्ही अख्खे ऐकू येता."

मग मी तिला घेऊन वाहनांपासून दूर, पदपथाच्या आतल्या कडेला सरकलो, तिच्या उजव्या हातालाच राहिलो, आणि घर येईपर्यंत थांबलो नाही, बोलतच राहिलो.